हौसाबाईच्या मुंग्यांची राणी

मंडळी, जरा सरकून बसा. मागं मावशी उभ्या आहेत, त्यांना जागा द्या. मृदंगबुवा, हात थोडा थांबवा — आज गाण्याआधी एक प्रश्न आहे.

घरातलं माणूस गेलं, हे घराला कळतं कधी?

तुम्ही म्हणाल, महाराज, हा काय प्रश्न झाला! गेलं त्या दिवशी कळतं. गाव गोळा होतं, रडारड होते, आणखी कळायचं काय राहिलं? — नाही! त्या दिवशी नुसती बातमी कळते. बातमी वेगळी आणि कळणं वेगळं. आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे — आपल्या घरात मोठं कोण होतं, हे आपण ओळखलं होतं का? आणि ओळखलं असेल, तर कशावरून?

उत्तर मी देत नाही. मुंग्या देतील. हसू नका! मुंग्याच देतील. ऐका.

आटपाडीच्या अंगाला, माणदेशात एक गाव. ओढा आहे, पण म्हणायला ओढा. त्यात पोरं क्रिकेट खेळतात. त्या गावात केरबातात्या गाठीवाले. पाडव्याला आपण गुढीला साखरेची माळ बांधतो ना, ती गाठी करणारे. घराला लागून भट्टीची खोली. मोठी कढई, साखरेचा पाक, लाकडाचे साचे. साचा भिजवायचा, त्यात दोरा ताणायचा, वरून पाक सोडायचा, गार झाला की साचा उघडायचा — पांढरीशुभ्र माळ! पंचक्रोशीत गुढी कुणाचीही असू दे, गाठी तात्यांची!

तात्यांची बायको हौसाबाई. माघात गेली. तापाचं निमित्त झालं. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे जेवून गेले. तात्या रडले नाहीत. लोक म्हणाले, म्हातारा घट्ट आहे हो! पाकासारखा घट्ट!

आणि एका सकाळी सुनेनं चहा आणून दिला. सून म्हणजे वंदना; लेक नोकरीला परगावी. तात्यांनी कप तोंडाला लावला, तर वर मुंगी तरंगतेय. बोटानं काढली. दुसरी आली. तिसरी आली.

"वंदना, चहात मुंग्या हायत गं."

"साखरेच्या डब्यातच झाल्यात, तात्या."

तात्या उठले. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला — डबा हलत होता! भट्टीच्या खोलीत गेले. पोती लावून ठेवलेली. पोत्याच्या शिवणीवरून रांग. खाली रांग, भिंतीवर रांग, उंबऱ्यावरून रांग!

मंडळी, ज्या घरात पोत्यानं साखर येते, त्या घरात इतक्या वर्षांत मुंगी आत आली नव्हती. कशामुळे? तात्या चारचौघांत सांगायचे, "माझी नजर असती. पोत्याभोवती चुन्याची रेघ मीच वढतो. झाकण मीच लावतो." रेघ आजही होती. मुंग्या रेघेवरून चालल्या होत्या!

तात्या रांगेच्या मागं मागं निघाले. रांग अंगणात गेली, भट्टीच्या भिंतीकडेला गेली, धुण्याच्या दगडापाशी थांबली. तिथं मातीत बारीक बारीक भोकं — मुंग्यांचं घर. आणि शेजारी एक करवंटी. रिकामी. वाळून ठणठणीत.

तेव्हा तात्यांना आठवलं. रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी हौसाबाई कढईची खरवड काढायची आणि या करवंटीत आणून टाकायची. रोज! सण असो, सुतक असो, अंगात ताप असो. मुंग्यांचं पोट इथंच भरायचं. त्यांना आत यायचं कारणच नव्हतं.

हौसाबाई गेली हे मुंग्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी वाट बघितली. करवंटी चढल्या, उतरल्या, परत चढल्या. आणि मग — तात्यांच्या मनात असं आलं बरं का — मग त्या तिला शोधत घरात आल्या.

तात्या धुण्याच्या दगडावर बसले आणि लहान लेकरासारखे रडले.

मंडळी, त्या घराला त्या दिवशी कळलं.

...जरा पाणी द्या मला. हां.

आता ही मुंग्यांची खरवड तात्यांना माहीत नव्हती असं नाही. डोळ्यांनी रोज बघत होते. थट्टा करत होते! हौसाबाई वाकून करवंटी भरायची आणि तात्या भट्टीच्या दारातून हाक मारायचे —

"आली का गं माहेरची माणसं जेवायला?"

ती वळून बघायचीसुद्धा नाही. "आली. सासरची असती तर वाढायच्या आधी मीठ कमी म्हणाली असती!"

"आगं, साखरंत मीठ कसलं?"

"तेच की! न्हाई त्यातबी खोट काढली असती."

बायाबापड्यांनो, हसताय! तुमच्या घरातलं कसं कळलं मला?

अशी ती बाई. बोलायला तिखट, कामाला वाघीण. पाकाचा झारा हा एवढा लांब! गडीमाणसाचे खांदे भरून यावेत. पण पाक फिरवायचा हौसाबाईनं. एका लयीत, न थांबता, हात असा लांब टाकायची आणि असा ओढून घ्यायची. फाल्गुनातलं ऊन, आत भट्टीची धग, पाकाचा तो गोड करपट वास, आणि ती मधेच म्हणणार, "उतरवा! आला पाक." तार बघायची गरज नाही. तात्या तार बघून उतरवायचे म्हणून पाक पुढं जायचा, कडक व्हायचा आणि मग तात्याच म्हणायचे, "साखरच खराब आली औंदा!" सगळं गाव तात्यांना गाठीवाले म्हणायचं. हौसाबाईला काय म्हणायचं? गाठीवाल्याची बायको.

बरं. पुढं ऐका, कारण इथं पेच आला.

फाल्गुन लागला. वर्षाची कमाई या एका महिन्यात. गाठी भरायला घेतल्या आणि मुंग्या साच्यात! माळ उघडावी तर पांढऱ्या साखरेत काळे ठिपके. तालुक्याच्या दुकानदारानं गठ्ठा परत पाठवला. वर निरोप — "तात्या, गाठी पाठवलीय का मुंग्यांचं वऱ्हाड?"

तात्यांनी करवंटीत खरवड टाकून बघितली. पण मुंग्यांना पोत्याची वाट सापडली होती. करवंटीतलंही खाल्लं आणि पोत्याकडंही गेल्या. चटक लागली की माणूस मागं फिरतो का? मग मुंगी कशी फिरेल!

मग वंदनानं बाजारातून मुंग्या मारायची पूड आणली. पुडा हातात घेऊन सासऱ्यापुढं उभी राहिली.

"तात्या, मला बी वाईट वाटतंय. आईंनी पाळल्यासारख्या ठेवलेल्या. पण पाडव्याचा माल गेला न्हाई तर खायचं काय?"

"मारू नकोस, पोरी."

"मग करू काय? तुमी सांगा."

"दुसरीकडं नेतो त्यास्नी. शेताच्या बांधावर."

"मुंग्या? नेणार? शेरडं हायत व्हय हाकून न्यायला?" आणि मग सासऱ्याचं तोंड बघून तिचा आवाज खाली आला. "बरं. रंगपंचमीपर्यंत थांबते. त्याच्या पुढं मला थांबता यायचं न्हाई."

मंडळी, समजून घ्या. सुनेचं चुकलं का? अजिबात नाही! चूल तिला पेटवायची आहे. आणि तात्यांचं चुकलं का? हौसाबाईच्या हातचं त्या घरात काय उरलं होतं? लुगडी वाटून टाकली. भांडी सगळ्यांचीच. तिच्या हातचं खाऊन जगणारं, अजून तिची वाट बघणारं असं एकच उरलं होतं — या मुंग्या. त्या पुडीनं मराव्यात आणि आपण बघत बसावं? तात्यांच्या जिवाचा प्रश्न होता तो.

वंदनाच जाता जाता बोलली, "राणी हलली तर बाकीच्या हलतील. शाळेत शिकलेलो आमी. सगळ्या मुंग्यांची आई एकच असती, राणी."

"मग राणी कशी वळखायची?"

"मोठी असती." झालं! शाळेतलं तेवढंच ध्यानात राहिलेलं.

आता सुरू झाली राणीची शोधाशोध! तात्या दगडावर बसले. नाकावर चष्मा, हातात काडी. बघतायत, बघतायत. सगळ्या मुंग्या सारख्याच, बारक्या. आणि मग भोकातून एक बाहेर आली — काय तिचं डोकं! अंग एवढंसं आणि डोकं हे एवढं! जबडा असा. बारक्या मुंग्या तिला वाट देतायत, ती मधून ऐटीत चाललीय.

तात्या म्हणाले, सापडली! ही राणी!

का म्हणाले? कारण मोठं डोकं म्हणजे मोठेपण, हे आपल्या हाडात भिनलंय! ज्याचा फेटा मोठा तो पाटील! काय, सरपंच? फेटा काढू नका आता, सगळ्यांनी बघितला!

तात्यांनी तिला अदबीनं पानावर घेतलं. राणीसरकार ना! राणीसरकारांनी काय करावं? कडाडून चावा घेतला! बोट सुजलं. तशा सुजल्या बोटानं तात्या तिला बांधावर सोडून आले, पुढं साखर ठेवली, नमस्कार केला, आणि घरी येऊन बघतात तर रांग होती तशीच! एक मुंगी हलली नव्हती. ती राणी नव्हतीच, मंडळी. तीही कामकरीच. दाणे फोडायचे, दारात उभं राहून चावायचं, हे तिचं काम. डोकं मोठं ते त्यासाठी. तिच्यावाचून घराचं काही अडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तात्या परत दगडावर. या खेपेला काय दिसलं? पंख! भोकाच्या तोंडाशी तीनचार पंखवाल्या मुंग्या, उन्हात पंख चमकतायत. तात्या म्हणाले, अरे, काल चुकलं! राणी ही! चमक बघा, तेज बघा!

पंख दिसले की आपण हात जोडलेच. हो की नाही?

तात्यांनी त्या वाटीत धरल्या, वर फडकं बांधलं आणि वंदनाला दाखवायला आणल्या. "राण्या सापडल्या! येक न्हाई, चार!"

वंदनानं मोबाईलवर शोधलं, चित्र मोठं केलं, वाटीत बघितलं, परत चित्रात बघितलं. आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय झालं गं?"

"तात्या... हे नवरदेव हायत!"

"आँ?"

"नर हायत हो. अंगानं बारीक, डोकं चिमुकलं. काम काय न्हाई. पंख फुटायचे, येकदा उडायचं, आन् मरायचं."

"आन् तवर?"

"तवर घरातल्यांनी आणून घालायचं, ह्यांनी खायचं."

तात्या थोडा वेळ वाटीकडं बघत राहिले. म्हणाले, "सोड त्यास्नी. वळखीचं दिसत्यात."

त्या घरात हौसाबाई गेल्यापासून सासरा-सून पहिल्यांदा हसली, मंडळी. ते हसणंही मुंग्यांनीच दिलं.

आपण म्हणतो ना, मरणकाळी मुंगीला पंख फुटतात! ही म्हण अर्धी खरी आहे. नराची आहे ती. राणीचं काय होतं, ते आता ऐका.

रंगपंचमी उद्यावर आली. वंदना सकाळी लवकर अंगणात आली. हातात खुरपं. तात्या म्हणाले, "तू कशाला?"

"तुमच्यानं वाकवत न्हाई. मी उकरते, तुमी बघा."

सकाळचा गारवा होता. तिनं भिंतीकडेची माती हळूहळू सोडवली. मुंग्यांची धावपळ! प्रत्येकीनं तोंडात पांढरं काहीतरी उचललं — अंडी, पिल्लं. स्वतःचा जीव घेऊन एकही पळाली नाही, पिल्लू घेऊनच पळाली. वंदना आणखी खाली गेली. वीतभर माती निघाली. खाली दगडाच्या बेचक्यात मुंग्यांचा एक गोळा. वरवर चढलेल्या, एकमेकींना धरून. बाकी सगळ्या पळतायत, आणि या मात्र कुणाला तरी झाकतायत!

वंदनानं काडीनं हळूच बाजूला केल्या. आत एक मुंगी. इतरांपेक्षा कितीतरी मोठी. पण डोकं? बेताचंच. पंख? नाहीत. पोट जड, आणि मधली पाठ रुंद, भरलेली. उजेड अंगावर पडला तशी ती अंधारात शिरायला बघू लागली. चावायला नाही आली. ऐट नाही, चमक नाही. आणि भोवतीच्या सगळ्या तोंड तिच्याकडं करून उभ्या.

"ही," वंदना हळू आवाजात म्हणाली. "हीच."

"पर हिला तर पंख न्हाईत."

वंदनानं मोबाईल जवळ नेला, चित्र मोठं केलं आणि सासऱ्याच्या डोळ्यांपुढं धरलं. "इथं बघा, तात्या. पाठीवर, दोन्ही अंगांना. वण हायत का?"

होते. रुंद पाठीच्या दोन्ही बाजूंना बारीक वण.

"पंख होते हिला. येकदा उडाली. मग खाली आली आन् आपले पंख आपणच मोडून टाकले. कामकरी मुंगीला पंख कधीच नसत्यात, म्हणून तिला वण नसत्यात. राणी वळखायची ती ह्या वणावरनं." ती वाचून सांगत होती. "आन् पुढं लिवलंय... पंख मोडल्यावर ती येकटीच मातीत शिरती. खायला काय न्हाई. पंख हलवायचं पाठीत जे बळ असतं, तेच जिरवून पहिली पोरं वाढवती."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मंडळी, तात्यांना त्या वेळी मुंगी दिसत नव्हती. त्यांना दिसत होती नवी नवरी हौसाबाई. लग्नाला थोडेच दिवस झालेले. परड्यात केस धुवत होती, पाठ उघडी, आणि दोन्ही खांद्यांवर, बगलेकडं उतरत गेलेले दोन काळपट वण. तात्यांनी विचारलं होतं, "हे कशाचं गं?"

"दोरीचं. भोपळ्याच्या दोरीचं."

तिचं माहेर कृष्णाकाठचं. वाळका भोपळा दोरीनं पाठीला बांधायचा आणि नदीत उडी टाकायची, अशी पोहायला शिकलेली ती पोरगी. मग भोपळाही सुटला. भर पाण्यात या काठावरून त्या काठाला जायची. गाव काठावर उभं राहून बघायचं! तिच्या थोरल्या भावानं लग्नात सांगितलं होतं, "पावणं, हिच्यासंगं पैज लावू नका. तुमी मधीच बुडाल."

आणि अशी पोरगी दिली कुठं? माणदेशात! जिथं आंघोळीला तांब्या मोजून! तिनं तक्रार केली? कधी केली नाही. तो पाण्यात लांब पडणारा हात तिनं पाकाच्या झाऱ्याला लावला. तोच हात, तीच लय! तात्यांनी चाळीस वर्षं ती लय बघितली आणि म्हणत राहिले, "हिच्या हाताला बळ हाय हां!" ते बळ कुठून आलं, हे कधी मनात आलं नाही. दोरीचं, म्हणाली. तात्या म्हणाले, "बरं." विषय संपला.

"तात्या, काय झालं?" वंदनानं विचारलं.

"तुझ्या सासूला पवता येत हुतं."

"आईंना? पवायला? कधी बोलल्या न्हाईत त्या!"

"बोलली हुती. येकदा." तात्या म्हणाले. "मीच फुडं इचारलं न्हाई."

वंदनानं खुरपं खाली ठेवलं. मग दोघांनी मिळून ते घर उचललं. राणी, अंडी, पिल्लं, भोवतीची माती, सगळं घमेल्यात. वरून ओला कपडा. सून पुढं घमेलं घेऊन, सासरा मागून काठी टेकत, असे बांधावर गेले. बोरीच्या बुडाशी खड्डा केलेला होता, त्यात हलक्या हातानं उतरवलं. वंदनानं येताना खरवड आणली होती, ती कुणी न सांगता बाजूला ठेवली. चुकार मुंग्या घरी राहिल्या होत्या, त्या तिनं केरसुणीनं सुपात लोटल्या आणि बोरीखाली नेऊन सोडल्या. पुडीचा पुडा फोडलाच नाही. पाडव्याचा माल गेला. थोडा उशिरा गेला, पण गेला. झारा वंदनानं धरला. पाक दोनदा पुढं गेला, तिसऱ्यांदा तिला कळला.

झालं आख्यान. मृदंगबुवा, थांबा, आत्ताच थाप नको. माझं तुमच्याशी काम आहे.

आज घरी जाल. ताट पुढं येईल. वाढणारी कोण आहे, एकदा वर बघा! डोकं कुणाचं मोठं, आवाज कुणाचा मोठा, पाटी दारावर कुणाच्या नावाची, यावरून राणी ओळखायला जाऊ नका — बोट सुजेल! चमकतंय कोण, यावरूनही नको. घर हललं की चारही बाजूंनी माणसं कुणाला झाकतात, ते बघा. आणि वण बघा. प्रत्येकीला असतात. कुणी गात होती, कुणी पळण्यात पहिली येत होती, कुणी झाडाच्या शेंड्यावर चढत होती. तुमच्या उंबऱ्यात आल्यावर तिनं ते आपल्या हातानं मोडून ठेवलं आणि त्याच बळावर तुमची पोरं वाढवली. तिला विचारा. "कशाचं गं हे?" असं विचारा, आणि ती सांगेल तेव्हा "बरं" म्हणून कुशीवर वळू नका. पुढचं विचारा. उद्या विचारू म्हणू नका, मंडळी. हात जोडून सांगतो.

कारण हौसाबाई अधूनमधून म्हणायची, "येकदा नदीला जाऊ या. पवत न्हाई. नुसती पाय सोडून बसते." आणि तात्या म्हणायचे, "मोसम संपू दे." मोसम संपायचा. श्रावणातल्या बत्ताशांचा मोसम लागायचा. मग दिवाळी. मग संक्रांतीचा हलवा. मग परत फाल्गुन.

कुणी तात्यांना म्हणालं, "आता अस्थी कृष्णेतच सोडल्या की लेकानं. पोचली ती तिच्या नदीला." तात्यांनी मान हलवली. म्हणाले, "ते नेणं न्हवं."

गाठी झाल्या, मुंग्या बांधावर सुखरूप गेल्या, सुनेला पाक कळला. हौसाबाईला नदीला न्यायचं तेवढं राहिलं.